प्लास्टिकच्या खुर्चीतले किडे

तळवलीतल्या आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी मोबाईल उंचावून उभी. मध्ये माझ्या सासूबाई, मालतीबाई, आणि समोर किडेबाबा! पाण्याच्या ताटात तापलेलं खापर, त्यावर बाबाने चिमूटभर 'भस्म' टाकलं आणि सासूबाईंचे हात धुरावर धरून वरून फडकं झाकलं. फडकं काढलं, तर पाण्यात बारके पांढरे किडे!

"बघा, करणीचे किडे! करणारी लांबची नाय, घरातलीच हाय!" बाबा गरजला. "आता बिब्ब्याचं तेल चोळतो. उरलेले जळून मरतील!"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी राजेश्वरी, साताऱ्याची. म्हणजे परकीच की!

करणी गेली खड्ड्यात, मला धडकी भरली त्या बिब्ब्याची. सासूबाई हल्ली जेवल्याचंही विसरायच्या, पण खाजवायचं विसरायच्या नाहीत. "किरं चालतान गो कातडीखाली," म्हणत हात सोलून काढायच्या आणि निघालेले 'किडे' कुंकवाच्या डबीत जपायच्या. असल्या उघड्या जखमांवर बिब्बा?

"राजे, टेन्शन नको घेऊ. आई बरी होईल," माझा नवरा मिथुन म्हणाला.

"बरी? अरे, भाजून निघेल ती!"

आणि तो धूर! आमच्याकडच्या आठवडी बाजारात दाताची कीड काढणारे बसायचे, तिथला अगदी हाच वास. मी बाबाची पुडी हिसकावली, ताटातलं पाणी ओतून नवं भरलं, ताट प्लास्टिकच्या खुर्चीखाली सरकवलं, खापरावर चिमूट टाकली आणि वरून फडकं झाकलं.

ताटात किडेच किडे!

"काय हो बाबा, या खुर्चीवर कोणी करणी केली?"

पुडीत भस्म कसलं, भुईरिंगणीचं बी होतं. तापलं की ते फुटतं आणि आतला पांढरा, वळलेला कोंब पाण्यात उडतो. अंगण खदखदून हसलं. बाबाने बोचकं आवळून पळ काढला.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "माजी किरं गेली नाय गो," म्हणत त्या खाजवतच राहिल्या. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर संघमित्रांनी कातडी तपासली. खरूज नव्हती. डबीत खपल्या आणि साडीचे दोरे. "किडे नाहीत. स्मृतिभ्रंशात मेंदू असा फसवतो," त्या म्हणाल्या. "पण त्यांना ते खरंच चालताना जाणवतात. वाद घालू नका, खोट्यात पाडू नका."

औषध सुरू आहे. नखं मी कापते, मलम मिथुन लावतो. अजूनही त्या मध्येच डबी पुढे करतात. "द्या आई, मी सांभाळते," मी म्हणते. मग त्यांचे खाजवणारे हात जरा थांबतात.

बाबांनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला असे किडे जाणवले, तर धूर करू नका आणि करणी करणारी सून शोधू नका. डॉक्टर शोधा.