चाकाला शिलाई नसते

आमची भिंगरी गणितात नापास झाली, शंभरात एकोणीस, तेव्हा तिच्या आईने आवाज चढवला नाही. घाबरण्यासारखं तेच होतं. तिने शर्टाची काजं करायची थांबवली, सुई खोचून ठेवली आणि निकाल सुनावला. महिन्याभराने फेरपरीक्षा आहे, त्यात चाळीस पडले नाहीत तर सायकल विकायची.

ती सायकल म्हणजे भिंगरीचा जीव की प्राण. जाड टायरची, डोंगर उतरायची. तेरा वर्षांची पोर शाळेमागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत चढते आणि दगडधोंड्यांतून अशी खाली येते की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. मी मिटतो. तिची आई तर टेकडीकडे फिरकतसुद्धा नाही. ती दुकानात बसून पोरीच्या पँटींचे फाटके गुडघे शिवते, आणि दर गुडघ्यागणिक तिचा पारा चढतो.

मी शिंपी. तीस वर्षं लोकांची पोटं मोजतोय, त्यामुळे माझं गणित पक्कं आहे असा माझा समज. मी छाती काढून सांगितलं की पोरीला मी शिकवतो, आणि सायकलवरच शिकवतो. बायको म्हणाली, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."

पण पहिला आठवडा झकास गेला. पुढच्या चकतीला बत्तीस दाते, मागच्या चकतीला सोळा, म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक दोनदा. अपूर्णांक दिसला की पोट दुखणारी पोर गिअर बदलता बदलता गुणोत्तरं सांगायला लागली. उतारावरून आल्या आल्या तिने ब्रेकच्या चकतीला बोट लावलं आणि घर्षण फोडासकट समजून घेतलं. नकाशावर समोच्च रेषा दाट दिसल्या की म्हणायची, इथे उतार उभा, आपटायला होणार. इतिहासाला मात्र सायकल लागू पडेना. कुठल्या वळणावर कुठल्या तारखेला पडलो, एवढ्याच सनावळ्या तिला तोंडपाठ होत्या, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

मग आला परीघ. मी गळ्यातली टेप काढून चाकाभोवती फिरवली आणि ऐटीत सांगितलं, साडेत्र्याऐंशी इंच. टाकीपाशी पाटी आहे, 'शाळा १ किलोमीटर'. भिंगरीने चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधली, सायकल हातात धरून टाकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेली आणि चिंधीचे फेरे मोजले. चारशे ऐंशी भरले. गुणाकार करून ती दुकानात आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"बाबा, तुमच्या हिशोबाने मी फाटकापाशी थांबतच नाही. अठरा मीटर पुढे जाते, थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर."

मी आधी पाटीला दोष दिला, मग रस्त्याला. तिने माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि चाक स्वतः मोजलं. ब्याऐंशी इंच. वरचा दीड इंच कुठून आणला, असं तिने विचारलं. आता काय सांगणार, हाताची सवय. माप घेतलं की शिलाईपुरता दीड इंच जास्त धरायचा, हे तीस वर्षांत माझ्या हाडात मुरलेलं.

"चाकाला शिलाई नसते, बाबा."

एवढ्याशा पोरीने माझी अक्कल काढली, आणि मला इतका आनंद झाला की दिवसभर एक पँट उलटी शिवत बसलो.

फेरपरीक्षा झाली. एकोणचाळीस.

एकाच प्रश्नाने घात केला. सत्तर सेंटिमीटर व्यासाच्या गोल टेबलक्लॉथला कडेने लेस लावायची, तर लेस किती लागेल? उत्तर दोनशे वीस. भिंगरीने लिहिलं होतं दोनशे बावीस, आणि खाली, 'दोन सेंटिमीटर जोडासाठी'. गणिताच्या सरांनी लाल फुली मारली होती. दोन मार्क गेले.

भिंगरी कोपऱ्यात सायकलची साखळी पुसत होती आणि त्याच फडक्याने डोळे, त्यामुळे तोंड काळं झालं होतं. हे सगळं माझ्या दीड इंचाचं पाप, म्हणून माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. पेपर तिच्या आईच्या हातात होता. ती उभ्या उभ्या वाचत गेली आणि फुलीपाशी थांबली.

"हे चूक कोणी दिलं?"

मी म्हटलं, सरांनी.

"दोनशे वीसमध्ये लेस जोडणार कशी? थुंकी लावून?"

तिने गोल कापड बेतलं, बरोबर दोनशे वीस सेंटिमीटर लेस कापली, टाचण्या घेतल्या आणि निघाली. आम्ही दोघं मागून धावलो. शिक्षकांच्या खोलीत तिने सगळं सरांपुढे ठेवलं आणि म्हणाली, लावा. सर बिचारे घाम पुसत टाचण्या टोचत राहिले. लेसची दोन टोकं एकमेकांना जेमतेम टेकली. आता हे शिवून दाखवा, असं ती म्हणाली. सर पुटपुटले की गणिताच्या दृष्टीने परीघ दोनशे वीसच.

"परीघ कुठे विचारलाय तुम्ही? लेस किती लागेल, असं विचारलंय."

सरांनी आपलाच प्रश्न दोनदा वाचला. मग लाल पेन उघडलं आणि फुली खोडली. एकेचाळीस.

परतताना बायको लढाई जिंकल्यासारखी पुढे चालत होती. अर्ध्या वाटेत तिचे पाय थांबले. आपण काय करून बसलो, ते तिच्या आत्ता ध्यानात आलं. मी ढगांकडे बघायला लागलो, भिंगरी स्वतःच्या चपलांकडे.

"म्हणजे सायकल राहिली," बायको म्हणाली. मग भिंगरीकडे वळून, "फाटकी पँट हातात आली की मला आधी तिच्या आतला गुडघा दिसतो. भीती वाटते गं मला."

 भिंगरी आईच्या कुशीला चिकटून चालायला लागली.

संध्याकाळी बायकोने स्वतःहून भिंगरीचं माप घेतलं आणि जाड कापडाची नवी पँट शिवली, गुडघ्याला दुहेरी. भिंगरी घालून बघत होती. पायाशी आत एवढं कापड का दुमडलंय, असं तिने विचारलं.

"दीड इंच जास्त सोडलाय," तिची आई दातांनी दोरा तोडत म्हणाली. "उंची वाढेल तुझी. टेकडी काय, पुढच्या वर्षीही तिथेच असणार."