धुऱ्याचा दगड

रविवारी कारखान्याला सुटी असे. नांदगाव पेठेहून निघालेला नितेश दोन बस बदलून, उरलेली वाट पांदणीच्या फुफाट्यातून तुडवत यायचा आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडाबाहेर उकिडवा बसायचा. दगडाच्या पलीकडे अमरावती जिल्हा संपत होता. अलीकडे अकोला जिल्हा सुरू होत होता, आणि त्याच बाजूला त्याच्या बापाचे वावर होते. त्या वावरात पाय ठेवायची त्याला मनाई होती. दोन वर्षांसाठी तो अकोला जिल्ह्यातून तडीपार होता.

तडीपार माणसे पूर्वीही असत. अंधार पडला की ती मागच्या दाराने येत, चुलीपुढे बसून जेवत आणि उजाडायच्या आत निघून जात. पोलिसांचे डोळे तेव्हा जमिनीवर होते, त्यांना झोप लागत असे. आता डोळे आभाळात गेले होते. ठाण्याने नितेशच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिले होते. ते दिवसातून केव्हाही वाजे, आणि वाजले की त्याच्यापुढे चेहरा धरावा लागे. फोन बंद ठेवायचा नाही, कुठे विसरायचा नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडली की तो जीव गेल्यासारखा कोकले आणि त्याच क्षणी ठाण्यातल्या पडद्यावर लाल ठिपका पेटे. एकदा बॅटरी उतरू दिली म्हणून नितेशला लेखी समज मिळाली होती. आणखी एक चूक झाली की जेल, असे ठाण्यातल्या हर्षा नावाच्या पोलीस पोरीने बजावले होते.

खुशालराव दगडाला पाठ टेकून लेकाजवळ बसले होते. वैशाख होता. नांगरून टाकलेले काळे रान उन्हात तडकत होते आणि ढेकळांवरून वाफ अशी हलत होती की दूरची झाडे पाण्यात उभी वाटावीत. दगडापासून थोडे आत, त्यांच्या वावरात, एक निंब होता. त्या पसरलेल्या उजाडीत तेवढाच एक सावलीचा तुकडा पडला होता.

"अवो, पोट्ट्याले निंबाखाली बसू द्या ना," पार्वताबाई शिदोरी सोडत म्हणाल्या. "कातडं सोलून काढून राह्यलं हे ऊन."

"फोन कोकलन."

"कोकलू द्या! त्या मुडद्याले काय समजते ऊन अन् सावली?"

"मुडदा नाई माय, लय जिता हाय तो," नितेश हसला. "मागच्या ऐतवारी मोझरीच्या आश्रमात गेल्तो. प्रार्थनेत जरा डोळे मिटले तं वाजला. म्हणे, चेहरा दाखव. बाजूचा बुढा कानात म्हणते, काहून बाबू, घरवालीचा हाय काय?"

पार्वताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. खुशालराव हसले नाहीत. लेकाच्या मानेवर घामाने भिजलेली धूळ बसली होती आणि तिथले कातडे खरोखरच सोलले होते. ते त्यांनी पाहिले आणि नजर उचलून दूर रानावर ठेवली.

कारण ती सावली नितेशला बंद नव्हती. हे जगात फक्त त्यांना ठाऊक होते.

फोनमध्ये ॲप घातले त्या दिवशी नितेश आत अंगठे देत होता आणि हर्षाने खुशालरावांना पडद्यावर त्यांचेच वावर दाखवले होते. "पाहा काका, वरून असं दिसते. ही निळी रेघ म्हणजे हद्द. जुन्या मोजणीच्या नकाशावरून घेतली." त्यांनी पाहिले. निंबाचा गोल हिरवा ठिपका त्यांनी लगेच ओळखला, स्वतःच्या हातावरचा तीळ ओळखावा तसा. निळी रेघ निंबाच्या अलीकडून, त्यांच्या वावराच्या अंगातून जात होती. निंब पलीकडे, अमरावतीच्या बाजूला होता. दगड तर त्याच्याही पलीकडे. एवढ्या उंचीवरून कुणीतरी त्यांचा खिसा उलटा करून दाखवावा, तसे त्यांना झाले. आणि ठाण्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी लेकाला पहिली गोष्ट सांगितली ती ही: "गोट्याच्या आत पाय टाकू नोको. एक पाऊल नाई."

शेजारचे वावर रामरावांचे. ते पोटासाठी काही वर्षे नागपुरात राहिले तेव्हा ते वावर पडीक पडले होते. दर हंगामात खुशालरावांचा वखर एक तास, मातीची एक ओळ, अधिक पलीकडे वळे. धुरा असा पातळ होत गेला, आणि एका उन्हाळ्यात त्यांनी दगडच उचलला. भरदिवसा उचलला. कोणी विचारलेच तर वखर लागून पडला म्हणायचे, असे त्यांनी ठरवले होते. कोणी विचारले नाही. रामराव परतले तेव्हा त्यांच्या बापाने लावलेला निंब खुशालरावांच्या वावरात उभा होता. झाड ओरडून काय सांगणार? रामरावांनी मोजणीचा अर्ज केला. तिची तारीख लागण्याआधीच त्यांचा मुलगा धर्मेंद्र चारचौघांत नितेशला म्हणाला, "तुहा बाप धुरा चोरते."

त्या संध्याकाळी नितेशने विचारले होते, "बाबा, खरं काय हाय?" खुशालरावांनी दगडावर हात ठेवला होता. "हा गोटा माह्या बापानं रोवला." एवढे एकच वाक्य. पोराला ते पुरले. दुसऱ्या दिवशी त्याने बंडीची उभारी, कडेचा उभा दांडा, उपसून काढली. धर्मेंद्रचा डावा हात खांद्यापासून उतरला आणि पुन्हा कधी वर गेला नाही. पोळ्याच्या मिरवणुकीतल्या आणि बाजारातल्या जुन्या भांडणांचे गुन्हे त्याला जोडले गेले, आणि नितेश तडीपार झाला. दवाखान्याच्या धावपळीत रामरावांची मोजणी मागे पडली.

दिवाळीनंतर मुदत संपणार होती. पोरगा घरी येईल, त्याच्या हाती वावर देऊ, आणि मग त्या निंबाखाली डोळे मिटले तरी चालतील, एवढ्याच आशेवर खुशालराव दिवस ढकलत होते. तोवर त्याने दगडाच्या आत येऊ नये. उन्हात बसावे, पण आत येऊ नये.

"पाणी आनतो," म्हणून पार्वताबाई उठल्या. पाण्याचा माठ निंबाच्या बुडाशी ठेवला होता. ढेकळांवरून तोल सावरत त्या गेल्या. माठापाशी वाकल्या, सरळ झाल्या, हात हवेत काहीतरी शोधू लागला, आणि त्या आवाज न करता खाली बसाव्या तशा कोसळल्या.

"माय!"

"थांब!" खुशालराव ओरडले. "तू थांब, म्या पाहतो!"

ते गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत नितेश दगड ओलांडून गेला होता. त्याने आईला सावलीत ओढले, माठ तिच्या डोक्यावर उपडा केला, आपल्या दुपट्ट्याने वारा घातला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "तू काहून आत आला रे?" हेच तिने पहिले विचारले.

तेव्हा नितेशला आठवण झाली. त्याने खिशातून फोन काढला. फोन गप्प होता.

"रेंज गेली असन," खुशालराव म्हणाले. ते दगडापाशीच उभे होते. "बाहेर ये तू. लवकर बाहेर ये."

नितेशने फोनकडे पाहिले, मग दगडाकडे, मग बापाकडे. रेंज होती. तो उभा राहिला. जमिनीतले पाणी पाहणारा माणूस तळहातावर नारळ ठेवून वावरातून चालतो, तसा तो तळहातावर फोन ठेवून पश्चिमेकडे चालू लागला. सावली संपली. फोन गप्प. निंब मागे राहिला. फोन गप्पच. आणि मग एका ठिकाणी, जिथे ढेकळांपेक्षा वेगळे काहीच नव्हते, तो कोकलला. साऱ्या रानभर तो आवाज गेला. झाडावरचे होले फडफडून उडाले.

नितेश एक पाऊल मागे आला. आवाज थांबला. एक पाऊल पुढे गेला. पुन्हा तेच. मग तो थोडा उत्तरेकडे सरकला आणि तिथेही तसेच करून पाहिले. टाचेने त्याने मातीत एक ओरखडा ओढला, एखादे लहान पोर खेळाची हद्द आखते तसा.

"पोट्ट्या, येड लागलं काय तुले!" खुशालरावांचा आवाज फाटला. "ठाण्यात दिवा लागला असन!"

"लागू द्या," नितेश म्हणाला. तो अजून मातीकडेच पाहत होता. "बाबा, म्या धर्मेंद्रचा हात काहून तोडला?"

खुशालरावांनी खाली पाहिले. ऊन एवढे होते की त्यांना स्वतःची सावलीही पायांत दडलेली दिसली.

फोन आला तो हर्षाचाच. नितेशने तो सर्वांना ऐकू येईल असा लावला. "नितेश, लाइन ओलांडली तू. कुठं आहे?"

"आमच्या वावरात, मॅडम. या तुमी. जिथं वाजला तिथंच उभा हाय मी."

गाडी पांदणीने आली. तिच्या धुळीमागे रामराव आले आणि त्यांच्या मागे धर्मेंद्र, डावा हात शर्टाच्या दोन बटणांमध्ये अडकवलेला. हर्षाने टोपी काढून कपाळ पुसले, पार्वताबाईंना पाणी मिळाले ना ते विचारले, मग फोन पाहिला, ओरखडा पाहिला, दगड पाहिला. ती शेतकऱ्याचीच पोर होती.

"काका," ती शेवटी म्हणाली, "यंत्राची रेघ थोडीफार इकडंतिकडं होऊ शकते. म्हणून आमाले जागेवर इचारा लागते. मालक जे हद्द दाखवन ते पंचनाम्यात लिहितो. आता नीट आयका. हद्द इथं, या ओरखड्याले असन, तं पोरगा मायले वाचवाले आला अन् घाबरून दोन पावलं चुकला, असं लिहीन. साहेब समज देऊन सोडतीन. पण हद्द त्या गोट्याले असन, तं हा एवढा आत आला अन् आत हिंडला. मंग मले त्याले गाडीत बसवाच लागन. अन् जेल झाल्यावर कधी सुटन ते माह्या हातात नाई."

रामराव पांदणीतच थांबले होते. हर्षाने त्यांच्याकडे पाहिले तेव्हा ते म्हणाले, "म्या काही सांगत नाई, बाई. बोलून काय झालं ते आमच्या घरात हाय. त्याइलेच इचारा."

"नितेशचे बाबा," पार्वताबाई निंबाच्या बुडाशी टेकून बसल्या होत्या. आवाज अजून क्षीण होता. "सांगून द्या ना. इथंच हाय म्हना. काय जाते आपलं?"

तिला काहीच माहीत नव्हते. तिला वाटत होते, एक खोटे बोलायचे आहे आणि लेक सुटणार आहे. नितेश बापाकडे पाहत होता. त्या नजरेत राग नव्हता; राग असता तर खुशालरावांना बरे वाटले असते. दगडापाशी त्या संध्याकाळी उभे राहून त्याने ज्या डोळ्यांनी विचारले होते, त्याच डोळ्यांनी तो पुन्हा विचारत होता, आणि या वेळी उत्तर काहीही आले तरी ते त्याला समजणार होते.

खुशालरावांनी ओरखड्याकडे पाहिले. एवढी बारीक रेघ. संध्याकाळच्या वाऱ्याने बुजली असती. 'इथं' म्हणायचे, दोन अक्षरे, आणि पोरगा घरी. पण त्या दोन अक्षरांच्या पलीकडे धर्मेंद्रचा लुळा हात होता, चारचौघे होते, निंब होता, वखराचा एकेक तास होता, आणि आयुष्यभर मान ताठ ठेवून ज्या गावातून चालले ते गाव होते. इथे म्हणावे, असे त्यांनी ठरवले. अगदी ठरवले. तोंड उघडले तेव्हा हात आधीच उठला होता. तो हात त्यांच्याआधी बोलायला शिकला होता.

बोट दगडाकडे होते.

"धुरा गोट्यालेच हाय," खुशालराव म्हणाले. "माह्या बापानं रोवला."

हर्षाने थोडा वेळ पेन तसेच धरले. "पुन्हा एक डाव इचार करा, काका."

"लिहा मॅडम," नितेश म्हणाला. "बाबा सांगून राह्यले ना. लिहा."

तो स्वतःच गाडीकडे चालत गेला. वाटेत धर्मेंद्रपाशी थांबला. नितेशने त्याच्या सुटलेल्या शर्टाचे वरचे बटण लावून दिले, कारण एका हाताने ते लागत नव्हते, आणि पुढे गेला. गाडीचे दार बंद झाले. आत कुठेतरी फोन एकदा वाजला. बहुधा चेहरा मागत असेल.

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. रामराव लेकाला घेऊन केव्हाच निघून गेले होते. पार्वताबाई निंबाखालून उठल्या नाहीत. शिदोरीतले रोडगे तसेच पडले होते आणि त्यांवर मुंग्या लागल्या होत्या.

"काहून?" एवढेच त्यांनी विचारले. मग जमिनीवरच्या ओरखड्याकडे पाहिले, दगडाकडे पाहिले, डोक्यावरच्या निंबाकडे पाहिले, आणि पुन्हा विचारले नाही.

खुशालराव दगडाबाहेर उभे होते, पोरगा बसायचा त्या जागी. त्याच्या उकिडव्या बसण्याने तिथली माती गुळगुळीत झाली होती. ऊन डोक्यात उतरत होते. सावली समोर होती, आणि आता कोणताही फोन वाजणार नव्हता. त्यांनी आत जाण्यासाठी पाय उचलला. तो दगडाच्या वर थोडा वेळ तसाच राहिला, मग मागे आला.