साखरपाण्याआधी

"रेशनची साखर हाय ही. समदी ह्याच्या पेल्यातच चालली," द्वारकाबाई चमचा ढवळत माझ्या कानाशी पुटपुटल्या.

समोर त्यांची सून कौसल्या भिंतीला टेकून बसली होती. रामकिसन गुरुजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, केस धरून तिचं डोकं तीनदा चौकटीवर आपटलं होतं. कपाळातलं रक्त भुवईवरून गळत होतं. मारून झालं की गुरुजी बाजेवर बसत आणि पेल्यासाठी हात पुढं करत.

गुरुजी इन्सुलिन घेत. रक्तातली साखर उतरली की माणूस चिडतो, असं घनसावंगीचे डॉक्टर एकदा बोलून गेले, ते या घरानं धरून ठेवलं. आम्ही शेजारणींनीही. संक्रांतीला गुरुजींनी तिचा हात मोडला तेव्हा वाटीभर साखर मीच आणून दिली होती.

तिचा भाऊ वसंता औरंगाबादला रक्त तपासायच्या कामावर. मागच्या आठवड्यात रक्तातली साखर बघायच्या पट्ट्यांची बाटली देऊन गेला. "अक्का, टोकाला औषध हाय, त्याच्यावर पॉलिमरचा पापुद्रा. रक्ताचा लाल रंग भाईर अडतो, साखर तेवढी आत जाती. मिनिटानं धुवायची, अन् बाटलीवरल्या रंगाशी लावून बघायची. फिक्की निघाली म्हंजी साखर उतरलेली, तर दाजींचा दोष न्हाई, राहा. न्हाईतर पेटी भरून ठेव. शनिवारी येतो मी."

आज शनिवार.

"आत्याबाई, थांबा. आधी पट्टी." कौसल्यानं पुढं आलेल्या हाताचं बोट धरून सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. लगेच दुसरी पट्टी स्वतःच्या कपाळाला लावली. मग ती मोठ्यानं आकडे मोजू लागली. विसाला गुरुजींनी कानशिलात मारली. चाळिसाला बरगडीत लाथ बसली. ती वाकली, श्वास घेतला, आणि एकेचाळीस म्हणाली.

तांब्याच्या धारेखाली तिनं दोन्ही पट्ट्या धुतल्या.

दोन्ही सारख्याच निळ्या. बाटलीवर मधल्या चौकोनापाशी वसंतानं पेनानं 'बराबर' लिहून ठेवलं होतं, तोच रंग.

"पट्ट्या जुन्या असतील," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"उन्हानं बिघडल्यात," गुरुजी म्हणाले. "आई, पेला दे."

द्वारकाबाईंनी पेला उचलला आणि सगळं साखरपाणी मोरीत ओतलं.

"तुझ्या बापाला साखर नव्हती, रामकिसन. तो बी मारायचा. तुला मारायचं असतंय, म्हणून तू मारतोस."