ऐरण घरी आली

शनिवारी आम्ही ब्रन्सनला हरवलं, तेव्हा मी न्हाणीघरात माझ्या नवऱ्याची, हॉलिसची पाठ धूत होते.

नऊ वर्षं आम्ही हरत होतो. आमचं हॅडली आणि नदीपलीकडचं ब्रन्सन, दोन्ही कॉलेजांचा, चेंडू हातात घेऊन पळतात त्या आमच्याकडच्या फुटबॉलचा सामना दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी होतो आणि जिंकेल त्याला एक जुनी लोखंडी ऐरण मिळते. वर्षभर ती त्याच्याकडे राहते. नऊ वर्षं ब्रन्सनकडे होती. अलाबामात बाकी काहीही सोसता येतं, पण ऐरण दुसऱ्याकडे असणं सोसत नाही. ब्रन्सनवाले आमच्या गावातल्या दुकानात खिळे घ्यायला येत तेव्हासुद्धा विचारत, "ठोकायला ऐरण आहे ना तुमच्याकडे?"

सामन्याचा शेवटचा पाव भाग सुरू झाला तेव्हा आम्ही दहा गुणांनी मागे होतो. गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या टर्कीचं सूप मी दोघांसाठी गरम करून आणलं होतं. हॉलिस खुर्चीतून उठला, तसाच उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मॉडीन, इथं पाणी कुठून आलं?"

त्याला नेलं, कपडे उतरवले, गरम पाण्याखाली बसवलं. तो सहा फूट दोन इंच आहे आणि मी बहात्तर वर्षांची. त्याला घाई करता येत नाही. घाई केली की तो घाबरतो आणि नळ घट्ट धरून बसतो. साबण लावत असताना शेजारून आरडाओरडा ऐकू आला. मग रस्त्यावर गाड्यांचे भोंगे. मला कळलं काय झालं ते. टॉवेल हातात घेऊन मी क्षणभर तशीच थांबले. मला वाटलं होतं मी रडेन, नाचेन, निदान देवाचं नाव तरी घेईन. मी त्याच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. तिथं ओल राहिली की त्याला चिखल्या होतात.

बाहेर आलो तर टीव्हीवर सगळी पोरं मैदानात घुसलेली. हॉलिस म्हणाला, "एवढी गर्दी कशाला? आग लागली का कुठं?"

"आपण जिंकलो, हॉलिस. ब्रन्सनला हरवलं."

"बरं झालं," तो म्हणाला. "जेवायला काय आहे?"

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर थर्मन आणि ओडी आले. थर्मन निवृत्त पोस्टमन, ओडी वायरमन. हॉलिसनं छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हे तिघं आणि मी, मैदानाच्या पूर्वेकडच्या गॅलरीत बाविसाव्या रांगेत आमच्या चार जागा होत्या. हॉलिसचा विसरण्याचा आजार वाढल्यावर आमच्या दोन जागा गेल्या. ते दोघं मात्र जात राहिले. ऊन, पाऊस, पराभव, सगळ्यात.

ओडीच्या बायकोनं केळ्याचं पुडिंग दिलं होतं. थर्मननं अंगावर हॅडलीचा हिरवा कोट चढवला होता आणि त्याचा आवाज पार बसला होता.

"मॉडीन, बघितलंस ना? बघितलंस ना तू?" तो दारातच म्हणाला.

"शेवटचं नाही बघता आलं," मी म्हटलं. "आम्ही आंघोळीला गेलो होतो."

मग ओडी म्हणाला, "अगं देवा! बस, बस इथं. हॉलिस, तूही बस. हे बघ, ही मिठाची बाटली म्हणजे आपला पोरगा."

"कुठला पोरगा?" हॉलिसनं विचारलं.

"तेच तर! कोणाला माहीत नाही कुठला! नेहमी चेंडू फेकतो त्या मोठ्याचा खांदा निखळला, म्हणून त्याच्या जागी हा आला. पाप्याचं पितर. मी थर्मनला म्हटलं, चल घरी जाऊ, आता हे बघवणार नाही."

"तू नाही म्हणालास, मी म्हणालो."

"बरं, तू म्हणालास. पण उठलो होतो मी."

"तुला लघवीला जायचं होतं, म्हाताऱ्या!"

मी हसले. कितीतरी दिवसांनी कोणी माझ्या स्वयंपाकघरात एकमेकांचं बोलणं तोडत होतं. टेबलावर मीठ, मिरपूड, चार चमचे आणि पुडिंगचं भांडं मांडून त्यांनी मला सगळं दाखवलं: कसे आम्ही सतरावर आलो, कसा ब्रन्सनच्या पोराच्या हातून चेंडू निसटला आणि आमचा एक जाडा त्याच्यावर जाऊन पडला.

"पडला म्हणजे काय, झोपलाच!" ओडी म्हणाला. "त्याला उठवायला तिघं लागले."

"त्यांची रेषा ओलांडायला अकरा यार्ड राहिलेत," थर्मन पुढं सरकला. "शेवटची संधी. अर्धं मिनिट. आणि हे पाप्याचं पितर काय करतं? कोपऱ्यात फेकतं! तिथं आपलं कोणी नाहीच. चेंडू त्यांच्या पोराच्या डोक्यावर आपटतो, वर उडतो आणि आपल्या पोराच्या..." त्यानं चमचा उचलला आणि त्याचा आवाज फुटला. "हातात येऊन पडतो. असा. पिकल्या फळासारखा. चोवीस–वीस. मी त्या ओडीचा मुका घेतला, मॉडीन. चारचौघांत."

"त्याबद्दल मी अजून तोंड धुतोय," ओडी म्हणाला.

हॉलिस सगळं नीट ऐकत होता. गणिताच्या वर्गात एखादं पोरगं फळ्यावर उत्तर लिहायला आलं की तो असाच मान जराशी कलती करून बघायचा. मग तो म्हणाला, "छान. पण एवढं काय त्यात? आपण दरवर्षीच जिंकतो की."

ओडीला वाटलं तो थट्टा करतोय. तो हसला. थर्मन हसला नाही.

"काय म्हणालास?"

"दरवर्षी जिंकतो. विचार मॉडीनला."

ही माझीच करणी होती. चार वर्षांपूर्वी, अशाच एका रविवारी सकाळी त्यानं विचारलं, काल काय झालं? मी खरं ते सांगितलं, एकतीस–तीननं हरलो. त्याला रडू आलं. अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं आणि तो पुन्हा तसाच रडला, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, जिंकलो. त्याचा चेहरा असा उजळला की त्यानंतर दरवर्षी मी तेच म्हणत आले. ते कधी उघडं पडलं नाही, कारण हरल्यावर त्या रविवारी कोणी कोणाच्या घरी जात नाही. हॉलिसच्या डोक्यात काय टिकतं आणि काय जातं, याला काही हिशेब नाही. पोटच्या पोरीचं नाव गेलं, पण आपण जिंकतो हे राहिलं.

मी थर्मनला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं बघितलं नाही, किंवा बघूनही थांबला नाही.

"नऊ वर्षं, हॉलिस," तो म्हणाला. बसलेल्या आवाजात ओरडता येत नव्हतं, म्हणून ते जास्तच वाईट वाटत होतं. "नऊ वर्षं आपण हरलोय. पावसात बसून हरलोय. माझी बायको गेली त्या वर्षी मी एकटा जाऊन बसलो, तेव्हा बत्तीस गुणांनी हरलो. आणि तू म्हणतोस दरवर्षी जिंकतो? मग कालचं काय? काल काहीच झालं नाही का?"

"थर्मन, जाऊ दे ना," ओडी म्हणाला.

हॉलिसनं माझ्याकडे बघितलं. "मॉडीन?"

'नाही, जिंकतोच आपण' असं मला म्हणता आलं असतं. थर्मनची गंमत चाललीय, असं सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं. पण रात्री तीनदा उठले होते, आणि खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"हो," मी म्हटलं. "हरलो होतो."

"सगळी वर्षं?"

"नऊ."

त्यानं पुडिंगचं भांडं स्वतःपासून दूर सरकवलं. हरल्याचं दुःख झालं असतं तर मला कळलं असतं. ते मी पाहिलं होतं. हे वेगळंच होतं.

"तू मला खोटं सांगितलंस," तो म्हणाला. "आणखी काय काय सांगितलंस खोटं?"

मी टेबलावरचे चमचे गोळा करायला लागले.

"व्हर्लन मला कधी खोटं सांगत नाही," तो म्हणाला. "मी त्याला विचारतो. थर्मन, जरा फोन लाव माझ्या भावाला."

व्हर्लन दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. थर्मन आणि ओडी दोघांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. हॉलिस तिथंच होता, पहिल्या रांगेत. त्यानंतरच्या आठवड्यात त्यानं मला किती वेळा विचारलं असेल आणि किती वेळा मी सांगितलं असेल, कोण जाणे. शेवटी मी सांगणं सोडलं.

फोन भिंतीवर होता, थर्मनच्या हाताशी. त्यानं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याला कसलीच खूण केली नाही. मला वाटलं, घे आता तू. एकदा तरी हे दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावं.

"व्हर्लन..." थर्मन म्हणाला आणि थांबला. "तो घरी नसेल रे. हरणांचा मोसम आहे ना. शिकारीला गेलाय."

"रविवारी?"

"रविवारी. चर्च चुकवून. तुला तर माहितेय तो कसा आहे."

हॉलिसच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या. "बेशरम आहे तो," तो म्हणाला. "आई असती तर सोलून काढलं असतं. आल्यावर त्याला म्हणावं, थोडं मटण इकडं पाठव."

"सांगतो," थर्मन म्हणाला.

मग तो उठून मागच्या पडवीत गेला. थोड्या वेळानं मीही गेले. कठड्याला दोन्ही हात टेकून तो उभा होता, हिरवा कोट पाठीवर ताणलेला. मला वाटलं आता तो माफी मागेल आणि मला 'असू दे' म्हणावं लागेल. तेवढंही बोलायचा कंटाळा आला होता.

पण तो म्हणाला, "दिवसातून किती वेळा विचारतो?"

"व्हर्लनबद्दल? चार-पाचदा. कधी दहादा."

"आणि दर वेळी तू..."

"कधी शिकारीला, कधी मासे धरायला. एकदा वैतागून म्हटलं, टेक्सासला गेलाय. मग दिवसभर विचारत राहिला, टेक्सासला कशाला."

तो हसला नाही. "मी एकदाच सांगितलं," तो म्हणाला, "तर परत आत जायची हिंमत होत नाहीये."

मागच्या घरावरून कोणीतरी हिरव्या कागदी फिती सोडल्या होत्या. थंडीत त्या लटकत होत्या. मग तो म्हणाला, "मला वाटलं होतं, जिंकलो की हलकं वाटेल. काल घरी गेलो आणि बूट न काढता पलंगावर पडलो. सांगायला कोणी नव्हतं. म्हणून सकाळपासून इथं यायची वाट बघत होतो. आणि इथं येऊन हे करून बसलो."

"सांगितलंस ना पण," मी म्हटलं. "मला सांगितलंस. चमच्यांसकट."

"जा, झोप जा जरा," तो म्हणाला. "आम्ही दोघं आहोत."

"त्याला संडासला न्यावं लागतं, दर दोन तासांनी. आणि उठवताना कमरेचा पट्टा धरून..."

"मॉडीन, मी चाळीस वर्षं कुत्र्यांच्या तावडीतून टपाल पोचवलंय. जा."

मी आत जाऊन पांघरुणावरच आडवी झाले. डोळे मिटता मिटता स्वयंपाकघरातून ऐकू आलं. हॉलिस विचारत होता, "काल काय झालं रे?" आणि थर्मन त्या फाटक्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, मिठाच्या बाटलीपासून. मध्येच ओडीनं काहीतरी दुरुस्त केलं आणि त्याला शिवी बसली.

उठले तेव्हा खिडकीत ऊन उरलं नव्हतं. तीन तास झोपले होते. इतका वेळ कोणी उठवलं नाही म्हणून आधी छातीत धस्स झालं आणि मी अनवाणीच धावले.

ओडी निघून गेला होता. भांडी घासून ठेवली होती, पण तळाशी सगळं खरकटं तसंच. थर्मन हॉलिसच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. हॉलिसची विजार बदललेली होती, बटण चुकीच्या काजात. तो थर्मनच्या अंगावर आपलं पांघरूण घालत होता. एकीकडून ओढलं की दुसरीकडून घसरत होतं, म्हणून फिरून फिरून दोन्हीकडे जात होता.

मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू," तो म्हणाला. "दमलाय बिचारा. लांबून आलाय वाटतं."

मी पांघरुणाचं दुसरं टोक धरलं.

मंगळवारी थर्मन पुन्हा आला, आपला चहाचा थर्मास घेऊन. म्हणाला, यापुढं मंगळवार आणि शुक्रवार माझे. मी नको म्हटलं, ते त्यानं ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार जोर लावून म्हटलं नव्हतं. त्यानं मला गाडीच्या किल्ल्या दिल्या आणि दार लावून घेतलं.

बाजारात जायचं म्हणून निघाले. दुकानाच्या आवारात गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. काय काय आणायचं त्याची यादी पर्समध्ये होती. ती काढली नाही. समोरून लोक हिरव्या टोप्या घालून ये-जा करत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, कोणीतरी हात वर करून तो शेवटचा झेल दाखवत होतं. मी काच वर केली आणि तासभर तशीच बसून राहिले. कोणी मला काही विचारत नव्हतं.