सोळा आचल उंच

फाल्गुन आला की वैनगंगेच्या काठचा उजेड बदलतो. धान केव्हाच निघून गेलेले असते, शेतांच्या बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, आणि त्या विस्तीर्ण, तृणपीत, निवांत भूमीवर ऊन हातपाय पसरून बसते. सकाळी सौम्य, मध्यान्ही तेजाळ, तिसऱ्या प्रहरी सुवर्णमंथर. अशा उन्हात सावर फुलते.

पान एक नाही. अंगभर काटे. आणि फुले मात्र अशी, की निसर्गाने वर्षभराचे सारे कुंकू, सारा गुलाल, सारी आरक्त हौस या एकाच झाडावर उधळून टाकावी! पर्णहीना, कंटककवचधारिणी, रक्तपुष्पा सावर. शाळेच्या आवारात ती एकटीच उभी होती आणि पंचक्रोशीतली पाखरे तिच्याकडे न्याहारीला येत होती. साळुंक्या भांडत, पोपट किंचाळत, खारी फुलांत तोंड खुपसून मध पीत. तो गलबला एवढा, की लांजेवार गुरुजींना वर्गात पाढेसुद्धा ओरडून म्हणून घ्यावे लागत.

त्या सावरीखाली गुरुवारच्या सकाळी चौथीतली आचल निरोप घ्यायला बसली होती.

आचलला जन्मापासून दिसत नव्हते. लाल म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हते आणि त्यावाचून तिचे आजवर काही अडलेही नव्हते. तिची सावर म्हणजे बोटांना खुपणारे बोथट काटे, ओंजळीत बसणारे जाड, गार, गुळगुळीत फूल, आणि डोक्यावर कुठेतरी भरलेला पाखरांचा बाजार. कुठेतरी! सारा घोटाळा या एका शब्दाने केला होता.

घडले ते सोमवारी. गुरुजींनी मुलांना शाळेच्या झाडावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. आचलने आपल्या ठिपक्यांच्या लिपीत टोचून टोचून चार ओळी लिहिल्या आणि पाचवीशी येऊन अडली. गुरुजी, झाड केवढं आहे, असे तिने विचारले. उंच आहे, खूप उंच, असे गुरुजी म्हणाले. खूप म्हणजे केवढं, असे तिने पुन्हा विचारले. मुले फिदीफिदी हसली. गुरुजींना पुढचा धडा घ्यायचा होता, तालुक्याला माहिती पाठवायची होती, आणि घसाही बसला होता.

"ते डोळ्यानं पाहाचं असते, आचल. तुले नाही समजाचं. बस खाली."

मनात काही वाईट नव्हते. चांगल्या माणसांची अशी वाक्ये फार खोल लागतात. आचल खाली बसली ती बसलीच. रोज सतरा प्रश्न विचारून गुरुजींना भंडावून सोडणारी पोर मंगळवारी बोलली नाही, बुधवारी बोलली नाही. वर्ग शांत झाला आणि त्या शांततेने गुरुजींची झोप उडाली. आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळत होते, पण ते परत कसे घ्यावे ते कळत नव्हते.

बुधवारी संध्याकाळी तिने बाबांना सांगितले की आता शाळेत जायचे नाही. बाबा बांबूच्या टोपल्या विणत होते. त्यांनी विणणे थांबवले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तुझे मन नसेल तर राहू दे म्हणाले. तिने ठरवले, गुरुवारी एक दिवस जायचे, कारण गुरुवारी रामटेके मॅडम येतात. त्यांना सांगायचे, आणि संपले.

रामटेके मॅडम म्हणजे न दिसणाऱ्या मुलांना शिकवायला गावोगाव फिरणाऱ्या शिक्षिका. पाच गावांत सात मुले, एक स्कूटी आणि एक अजब पिशवी. पिशवीत सुतळी, चिंचोके, काचकागद, मातीची फळे, मातीची जनावरे. आचलच्या बोटांना अक्षरे त्यांनीच भेटवली होती. ठिपक्यांवरून बोट फिरवता फिरवता पहिल्यांदा स्वतःचे नाव सापडले, तेव्हा ती अख्ख्या गावात स्वतःचेच नाव सांगत फिरली होती.

स्कूटी थांबली. ओळखीची पावले आली. आचलने उठून, पाठ केल्यासारखे, एका दमात सांगून टाकले.

"मॅडम, मी उद्यापासून नाही येत. जे डोळ्यानंच समजते ते शिकून मी का करू?"

मॅडम तिच्याशेजारी धुळीत बसल्या. सारे ऐकून घेतले. गुरुजी दाराशी उभे होते, चष्मा पुसत, खाली मान घालून. मॅडमनी त्यांना एक शब्द बोलून दुखावले नाही. त्यांनी आचलला एवढेच विचारले, की तुला नक्की काय हवे आहे. आचल म्हणाली, केवढं ते हवं आहे. बाकी काही नको.

पिशवीत हात गेला आणि तसाच थांबला. मातीचे झाड करता आले असते. पण मागच्या वर्षी मॅडमनी मातीचा हत्ती आणला होता, आणि पुढे कित्येक महिने आचल हत्तीला मांजराएवढा समजत होती. वाघ त्याला का भितो, हे तिला काही केल्या पटत नव्हते. लहान केलेली वस्तू हातात येते, पण तिचा मोठेपणा वाटेतच सांडतो. या वेळी लहान करून चालणार नव्हते. झाड हवे होते ते झाडाएवढे.

खोडाला काटे, चढायची सोय नाही. मॅडम हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या, की हे झाड घटकाभर खाली आणता आले असते तर.

दाराशी चष्मा पुसणारा हात थांबला. चार दिवस कोमेजलेला तो चेहरा एकाएकी असा खुलला, की खिडकीतून डोकावणारी पोरे एकमेकांना कोपराने ढोसू लागली.

"मॅडम, झाड नाही आणता येत," गुरुजी पायऱ्या उतरत म्हणाले. "पण सावली तं खालीच असते!"

आणि गुरुजींनी समजावले. घसा बसला होता, तरी त्या दिवशी त्यांच्या शब्दांना पंख होते. ऊन कुणाला झुकते माप देत नाही. राजा असो की रोपटे, ते साऱ्यांना एकाच मापाने मोजते. ज्या घटकेला आचलची सावली आचलएवढी होईल, त्याच घटकेला झाडाची सावली झाडाएवढी होईल. मग काय उरले? आख्खे झाड, आडवे, अंगणात!

विहिरीचा जुना दोर आला. वर्गातल्या चेतनाने त्याचे एक टोक आचलच्या टाचेशी धरले, माथ्याशी बोट ठेवले आणि गाठ मारली. एक आचल. तेवढ्याच अंतरावर दुसरी गाठ, मग तिसरी. तिच्याच बाकावरच्या डुमेशने दोर ताणून धरला आणि गाठींमागून गाठी बसत गेल्या, पुरतील की नाही याची कुणालाच खात्री नव्हती.

मग वाट पाहणे. भरदुपारी आचल अंगणाच्या मधोमध उन्हात उभी राहिली आणि तिची सावली मात्र आखूडच, जेमतेम कमरेएवढी. मॅडमनी तिचा तळवा जमिनीवर टेकवला. इथे तापलेली माती, इथे जराशी निवलेली. ही तू. आचल थबकली. जन्मापासून पायांशी बांधलेली आपली सोबतीण तिला आज पहिल्यांदा भेटत होती. तिला सावलीच्या डोक्याला हात लावायचा होता, म्हणून ती वाकली, आणि डोके सरकले. बसली, तर ते आणखी जवळ येऊन दडले. ती हळूच उठली, झटकन वाकली, तरी नाही! पोरे हसून लोळली, आणि चार दिवसांनी आचलही हसली. ते हसू ऐकून गुरुजी उगाचच फळा पुसायला आत गेले.

ऊन कलले. सावली लांबत गेली. अजून एक हात, पोरांनी पुकारा केला. अजून एक वीत. अजून चार बोटे. दोन बोटे. उन्हाने जणू श्वास रोखला, पाखरांनी भांडण थांबवले असेही क्षणभर वाटले, आणि तेवीस गळ्यांतून एकच आरोळी उठली. आचलची सावली आचलएवढी झाली होती.

आता घाई! सावली कुणासाठी थांबत नाही. काटेरी खोडापासून अंगण ओलांडून, कुंपण ओलांडून, पलीकडच्या मोकळ्या बांधीपर्यंत सावर आडवी पडली होती. श्यामल, दीर्घदेहा, शाखाविस्तीर्णा. डुमेश दोर घेऊन धावला. गाठी मोजत मोजत शेंड्याशी पोचला आणि तिथून ओरडला, की सोळा! झाड सोळा आचल उंच आहे!

सोळा. आचलने तो आकडा ओठांवर घोळवला. एकीच्या डोक्यावर दुसरी, दुसरीच्या डोक्यावर तिसरी, अशा सोळा आचला. 'खूप' या शब्दाला तिच्या आयुष्यात प्रथमच हातपाय फुटले होते.

पण केवढे ते कळले, तरी कसे ते राहिलेच होते. चेतनाने ते ओळखले. ती पळत गेली आणि एका फांदीच्या सावलीत, फांदीसारखीच हात पसरून, सरळ धुळीत आडवी झाली. मग काय, दुसरी पोर आडवी झाली, तिसरा आडवा झाला. जिथे फांदी तिथे मूल. जिथे पोपटाची ढोली तिथे डुमेश, अंगाचे मुटकुळे करून. सारे झाड मुलांनी भरून गेले. फक्त सर्वांत खालची, सर्वांत जाड फांदी रिकामी राहिली. एवढे रुंद त्यांच्यात कुणी नव्हते.

लांजेवार गुरुजींनी चष्मा काढून मॅडमच्या हातात दिला. पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या सदऱ्यानिशी ते मातीत पाठ टेकून निजले आणि त्यांनी दोन्ही हात लांब केले. पोरांना हसावे की नाही कळेना, आणि मग ती पोट धरधरून हसली.

नेमका तेव्हाच एक चुकार ढग सूर्यावरून गेला. सावली विरली. पण झाड उरले! फांद्या श्वास घेत होत्या, कुजबुजत होत्या, खोकत होत्या, आणि पहिले पाऊल टाकायला आचल बुंध्याशी सिद्ध होती.

तिने जमिनीवर ताणलेला दोर पायाखाली धरला आणि ती झाड चढू लागली.

एक गाठ, दोन गाठी, तीन. नुसते खोड, नुसते मौन. इतक्या उंचीपर्यंत सावरीला एकही फांदी नाही, हे तिच्या पावलांना कळले. चौथ्या गाठीशी पायाला काहीतरी मऊ लागले. तिने वाकून चाचपले. सदऱ्याची बाही, मनगटावरचे घड्याळ, खडूने खरखरीत झालेली बोटे.

"मी पहिली फांदी," खालून बसलेला आवाज आला. "सोमवारी माह्यं चुकलं, बाई."

आचलने ती खरखरीत बोटे घट्ट दाबली, आणि पुढे निघाली. वर निघाली!

सहाव्या गाठीला इकडे एक, तिकडे एक. आठव्या गाठीला चारी बाजूंनी. फांद्यांचे मजले तिला आज उमगत होते. खाली ऐसपैस, वर आवरत आलेले. नवव्या गाठीपाशी ढोलीतून पोपट ओरडला आणि डुमेशच्या आवाजातच हसला. अकरा, बारा. फांद्या सडपातळ झाल्या. आता तिथे पहिलीतली पोरे होती. चौदा, पंधरा. एक शेवटचा इवला हात. सोळा. पुढे दोर नव्हता.

ढग सरला आणि ऊन तिच्या मुखावर आले. तिथे वारा मोकळा होता. ती थांबली. याच्यावर काय आहे, असे तिने विचारले. मॅडमनी मागून सांगितले, की काही नाही, याच्यावर नुसते आभाळ. आचलने दोन्ही हात पुढे केले. काही लागले नाही. बोटे ताणली, टाचा उचलल्या, तरी काहीच लागले नाही. आणि त्या न लागण्याचा तिला एवढा आनंद झाला, की तिच्या अंगावर काटा आला. साळुंक्या इथे बसतात. वारा इथून येतो. आणि आज इथे मी आहे.

दूर खाली, चौथ्या गाठीशी, माणसाच्या फांदीला राहवले नाही. तिने मान उचलून, जरा भीतभीतच विचारले, की आचल, उद्या येशील ना?

शेंड्यावरून उत्तर आले.

"आधी खाली उतरू तं द्या, गुरुजी!"

आणि ती उतरू लागली. सावकाश, सांभाळून, झाडावरून उतरतात तशी, एकेका गाठीवर पाय रोवत. ती ज्या फांदीपासून पुढे जाई, ती फांदी धूळ झटकत उठे आणि तिच्या मागे चालू लागे. शेंड्याचे इवले हात उठले. ढोली उठली. मजल्यामागून मजले उठले. सर्वांत शेवटी, गुडघ्यावर हात टेकत, पाठ मातीने माखलेली ती जाड फांदी उठली.

बुंध्याशी पोचून आचलने दोर सोडला. येईन जी, ती म्हणाली. आणि मागे वळली, तेव्हा तिच्यासमोर फांदीफांदीने, हातात हात गुंफून, धुळीने न्हालेले, उन्हाने उजळलेले, हसून हसून डोलणारे सारे झाड उभे होते.