बोकड अजून बांधलेला आहे

माझा भाऊ आनोझी मेला तेव्हा गावानं सुटकेचा श्वास घेतला आणि मी रडले. सख्खी बहीण, रडणं माझं कामच. पण खोटं कशाला बोलू, रडता रडता मलाही हलकं वाटत होतं. दादाच्या रागापुढे अंगणातल्या कोंबड्यासुद्धा आवाज करायच्या नाहीत.

त्या रागाचा सगळा मारा सोसला तो धाकट्या सुनेनं, उलोमानं. माझी वहिनी उगोये होती तोवर ती मधे पडायची. ती गेली, तिचं सगळं रीतसर झालं, आणि मग मधे पडायला कुणी उरलं नाही. शेवटच्या दुखण्यात दादानं रस्सा तिखट झाला म्हणून वाडगा उलोमाच्या अंगावर भिरकावला आणि म्हणाला, "मी परत येईन. तुझ्याच पोटी येईन. मग दाखवतो तुला."

आमच्यात असलं कुणी थट्टेत बोलत नाही. माणूस जातो तो आपल्याच घरात परत यायला; बाई मुलगा होऊनही येते, पुरुष मुलगी होऊनही. कोण कुणाच्या रूपात आलं हे बाळाच्या अंगावरच्या खुणेवरून आणि चेहऱ्यावरून ओळखतात, आणि मग त्याला त्याच नात्यानं हाक मारतात. माझी एक पणती मला दटावते, कारण ती माझी आजी आहे. मी ऐकून घेते.

दादाला जाऊन वर्ष उलटलं आणि उलोमाला मुलगा झाला. उजव्या कानाच्या मागे जन्मखूण! दादा तरुणपणी ताडावरून पडला होता, त्याच कानाच्या वर त्याला व्रण होता. झालं. बायकांनी गळ्याला पांढरी माती फासली, नाचल्या, आणि बाळाला विचारू लागल्या, "आलास का रे आनोझी? तिथंही भांडलास वाटतं, इतक्या लवकर हाकललं ते!" माझा भाचा ओबिओरा, म्हणजे उलोमाचा नवरा, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. तोही पाळण्यापुढे वाकून "बाबा" म्हणाला. नाव ठरलं न्नान्ना, म्हणजे बापाचा बाप.

उलोमाला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडे. तिखट रस्सा, उकडलेलं कोनफळ, गरम पाण्याचा शेक, सगळं मी करत होते. त्यामुळे जे नाचणाऱ्यांना दिसलं नाही ते मला दिसलं. पोराला पाजताना ती मान भिंतीकडे वळवायची. पोर दोन घोट घ्यायचं आणि तोंड सोडायचं. दूध आटत चाललं होतं. पोराच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती.

"अगं, बघ तरी त्याच्याकडे," मी म्हटलं.

"बघते ना आत्या. डोळे उघडले की वाटतं, आता ओरडतील." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नऊ महिने मी बाळ वाढवलं. आणि मांडीवर मामंजी. सांगा, पाजू कसं? एकदा नाव ठेवलं की जन्मभर त्यांना 'बाबा, जेवा' म्हणायचं. तुमचेच भाऊ, तुम्हाला राग येईल, पण मला भीती वाटते. मी याला मारून टाकीन अशी नाही. मी याला असंच मरू देईन अशी."

मला राग नाही आला. आलेल्याला परत कसं पाठवायचं? तसं करतही नाहीत आणि करूही नये.

नामकरणाच्या आदल्या सकाळी बाळाची दुपटी वाळत घालायला मी मागच्या अंगणात गेले. तिथं दादाचा बोकड बांधलेला. मालकासारखाच खडूस. मी पाठ वळवली तर त्यानं माझ्या लुगड्याचं टोक ओढून चघळायला घेतलं.

"मेल्या, तुला कापायचं तर अजून..." मी ओरडले, आणि तिथंच थांबले.

हा बोकड पोचवणीचा. आमच्यात माणूस पुरला म्हणजे संपत नाही. पुरणं वेगळं आणि पोचवणं वेगळं. ढोल वाजतात, बोकड कापतात, लेकी रात्र जागवतात, तेव्हा कुठे मेलेल्याला पूर्वज आपल्यात घेतात. आणि त्यांच्यात गेल्याशिवाय परतीची वाट नाही. दादाची पोचवणी झालीच नव्हती! थोरला मुलगा सिल्वानस लागोसहून सांगायचा, तोफा उडवू, अख्खा गाव जेवू घालू. ओबिओरा म्हणायचा, साधं करू. दोघांच्या भांडणात वर्ष गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज या बोकडाला पाला मीच टाकत होते की!

मी दुपटी तिथंच टाकली आणि ओसरीवर आले. ओबिओरा आणि गावचा दिबिया, म्हणजे कौल लावणारा जाणता, ताडी पीत नामकरणाचंच बोलत होते.

"ओबिओरा, तुझ्या बापाचा बोकड कुठाय?"

"मागे बांधलाय. का गं आत्या?"

"जिवंत आहे?"

"आहे की. आताच बें बें करत होता."

"मग तुझा बाप कसा आला रे? उंबऱ्यातून उडी मारून?"

दिबियानं ताडीचा पेला खाली ठेवला. तो असा हसायला लागला की त्याला ठसका लागला. "न्वान्येके," तो मला म्हणाला, "मला बोलावलंत कशाला? तुझा बोकडच माझ्यापेक्षा शहाणा. आनोझी अजून वाटेवर उभा आहे. तो इथे येऊच शकत नाही."

"पण मग ती खूण?" ओबिओरा म्हणाला.

उलोमा दारात येऊन उभी होती, बाळ खांद्यावर. तिनं बाळाचा कान हळूच दुमडला. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत तिनं ती खूण नीट पाहिलीच नव्हती.

"मामंजींचा व्रण कानाच्या वर होता," ती म्हणाली. "ही खूण मागे आहे. केसांत. असा व्रण सासूबाईंना होता."

"उगोयेला? कधीच दिसला नाही," मी म्हटलं.

"डोक्याला फडकं असायचं त्यांच्या. वेण्या मी घालायचे ना, मला ठाऊक. मामंजींनी मुसळ फेकून मारलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या."

माझ्या भावाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

उलोमा तिथंच ओसरीवर बसली. बाळाला समोर धरून बघत राहिली. "आई," ती म्हणाली, "तुम्ही आहात होय? आणि मी तुम्हाला उपाशी ठेवलं!" रडत होती, हसत होती, आणि पुरुषमाणसं बसलीत याचं भान न ठेवता तिनं पोराला छातीशी घेतलं. पोर लुचू लागलं ते सोडेना. घटाघट आवाज ओसरीभर ऐकू येत होता.

उगोयेची पोचवणी तर केव्हाच झाली होती. दिबियानं आपल्या बियांच्या माळा टाकून पाहिल्या आणि मान डोलावली. नाव ओझिओमा ठेवलं, म्हणजे चांगली बातमी.

पोचवणी मात्र मी अडवली नाही. उलट घाई केली. घराण्याच्या लेकींचा शब्द मुलांना मोडता येत नाही. मी सिल्वानसला निरोप धाडला की तोफा तुझ्या लागोसात उडव, इथे ढोल पुरे. दादा कसाही असो, माझ्या भावाला मी वाटेवर ताटकळत ठेवणार नव्हते.

बोकड कापला, ढोल वाजले, पहाट झाली. उलोमा ओझिओमाला कमरेवर घेऊन दादाच्या मातीपाशी आली. पोर आता चांगलं गुटगुटीत झालं होतं. मला वाटलं, ही आता म्हणणार, येऊ नका.

"मामंजी, आता वाट मोकळी आहे," ती म्हणाली. "यायचं तर या. खुशाल माझ्याच पोटी या. पण आई आधी आल्यात." तिनं पोराला जरा वर उचललं. "आता त्या थोरल्या आणि तुम्ही धाकटे. त्या म्हणतील ते ऐकावं लागेल."