अंगावरचं तोडायचं होतं

सोमवारपासून मला साजगावच्या कंपनीत पॅकिंगला लागायचं होतं. सकाळी सातची बस, परत यायला संध्याकाळ. आणि आमच्या सानवीबाई अडीच वर्षांच्या झाल्या तरी अंगावर पीत होत्या! भात खायची, मच्छी खायची, शेजारणीच्या डब्यातली चकली पळवायची, पण तासातासाला येऊन माझा गाऊन ओढणारच. "मम्मी, दुदू." दुपारी तर त्याशिवाय तिचा डोळा मिटायचा नाही. अडीच वर्षांत मी एकदा सरळ पाठीवर झोपले असेन तर शपथ.

"आता तोड बाई," गुरुवारी सासूबाई म्हणाल्या. "तू गेल्यावर रडून गाव गोळा करंल. माझ्याच्यानं नाय सांभाळायची. कारल्याचा रस लाव. आमी तेच केलं."

कारलं किसलं, पिळलं, लावलं. बया आली, चाटून बघितलं, तोंड वेडंवाकडं केलं, फ्रॉकनं पुसलं आणि लागली प्यायला. मी कपाळावर हात मारला.

"मग मिरची लाव," सासूबाई म्हणाल्या.

"माझी कातडी हाय ती आई, भिंत नाय!"

शुक्रवारी नुसतंच नाही म्हणून बघितलं. दीड तास किंचाळली. शेजारची पदू धावत आली, "पोरीला मारतेस काय गं?" शेवटी मीच हरले. पाजायला घेतलं आणि रागानं पाठीत एक धपाटा घातला. धपाटा खाल्ला, पण सोडलं नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी मेडिकलमधून पट्ट्या आणल्या. दोन्हीकडे चिकटवल्या, वर कुंकवाचं पाणी लावलं. दुपारी ती आली तशी दाखवलं. "बघ, बाऊ झालाय. रक्त आलंय."

आता भोंगा वाजणार म्हणून मी वाट बघत बसले. पण रडली नाही. वाकून फुंकर घातली, दोनदा. मग माझ्या गाऊनची बटणं लावायला लागली. एकही लागेना तिला. "झोप मम्मी," म्हणाली, आणि माझ्या दंडावर थोपटता थोपटता स्वतःच झोपली.

सुटले गं बाई! चहा केला आणि गरम असतानाच सगळा प्यायले. असं किती महिन्यांनी झालं, देव जाणे.

रविवारी तिनं एकदाही मागितलं नाही. येता-जाता थांबायची, गाऊनवरूनच फुंकर घालायची आणि खेळायला जायची. संध्याकाळपर्यंत माझी छाती दगड झाली. गाऊन भिजला, अंगात कणकण आली. पण खरं सांगते, त्या दुखण्यापेक्षा तिची ती फुंकर सोसवेना. सासूबाई दळण आणायला गेल्या तशा मी पट्ट्या उपटल्या, सगळं धुतलं आणि तिला मांडीवर ओढलं. म्हटलं जाऊ दे, एकदाच. कंपनीचं उद्या बघू.

"बरा झाला बाऊ. ये, पी."

तिनं नीट बघितलं. बोट लावलं. तोंड जवळ आणलं, आणि एकदम दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"नको," आतून म्हणाली. "मी चावली ना. म्हणून तुला रक्त आलं."

"नाय गं माझे बाय, तू नाय चावलीस! मम्मी खोटं बोलली. मीच लावलेलं ते, मीच!" मी रडत सांगत होते, तिचे हात ओढत होते. ती नुसती मान हलवत राहिली. हात काही काढले नाहीत.